आठ घरांत पाणी

आमच्या गल्लीत नळाला पाणी रात्री सुटतं. किती वाजता, ते पाणी सोडणाऱ्यालाच ठाऊक. कधी तीन दिवसांनी, कधी चार, उन्हाळ्यात त्याहून जास्त. कधी बाराला, कधी अडीचला, कधी पहाटे. आईची झोप त्यामुळे गेली कित्येक वर्षं तोटीला बांधलेली. झोपताना तोटी उघडी ठेवायची आणि खाली जर्मनची परात उपडी घालायची. धार पडली की परात ताडताड वाजते, आई उठते, मग आम्ही. आमच्या घरातला पहिला सेन्सर म्हणजे ही परात.

बेळगावला पाणी येतं राकसकोप आणि हिडकल या धरणांतून. २००८ पासून शहराच्या काही भागात चोवीस तास पाणी आहे. तिकडे राहणारे आमचे नातेवाईक आमच्याकडे आले की नळाखाली मांडलेल्या घागरींची रांग अशी बघतात, जशी आपण म्युझियममधली तोफ बघतो. पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडत असतो, आणि इकडे आम्ही परातीकडे कान लावून बसलेले. या विषयावर आईचं मत एका वाक्याचं आहे : "पाणी येतंय खरं, सांगून येत नाही." (आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याच्या माणसाला हे वाक्य दोनदा ऐकावं लागतं.)

मी उद्यमबागेत मशीनची कंट्रोल पॅनेलं दुरुस्त करते. बोलताना मीही 'करतो'च म्हणते. आमच्याकडे बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. लिहायला बसलं की मात्र शाळेतल्या बाई डोळ्यासमोर येतात. तर, दिवसभर दुसऱ्यांच्या मशीनना नेमक्या वेळी बंद-चालू करणारे रिले बदलायचे आणि रात्री परातीच्या भरवशावर झोपायचं, याची मला एक दिवस लाज वाटली.

इंटरनेट ऑफ थिंग्ज, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या वस्तू, म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर बोलणारा फ्रिज येतो. त्याची जन्मकथा मात्र हेलपाट्यांची आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२च्या सुमारास कॉम्प्युटरवाल्यांनी कोकच्या मशीनला तारा जोडल्या. मशीन खालच्या मजल्यावर, आणि एवढं चालून जावं तर बाटल्या संपलेल्या, नाहीतर नुकत्याच भरलेल्या आणि गरम. बाटली आत जाऊन तीन तास झाले की पडद्यावर 'थंड' असं यायचं. इंग्लंडमधल्या केंब्रिजला १९९१ साली कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला, तोही याच कारणाने : जिने उतरून जावं तर भांडं रिकामं. ते चित्र १९९३मध्ये वेबवर गेलं, आणि पुढे २००१पर्यंत जगभरचे लोक एका परक्या कॉफीच्या भांड्यात डोकावत राहिले. माणसाला थंड कोक हवा होता, ताजी कॉफी हवी होती. आईला पाणी हवं आहे. माझ्या मते तिची निकड जास्त.

साहित्य फार लागलं नाही. दोन-अडीचशे रुपयांचा, ईएसपी८२६६ या वायफायवाल्या चिपचा बोर्ड, पाण्याच्या नळीत बसणारा फ्लो सेन्सर, एक बझर. फ्लो सेन्सरच्या पोटात छोटं चाक असतं, चाकात चुंबक. पाणी गेलं की चाक फिरतं आणि लिटरमागे साधारण ४५० टिचक्या मोजता येतात.

हा ईएसपी८२६६ आमच्यासारख्यांपर्यंत पोचला कसा, ते सांगण्यासारखं आहे. २०१४मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप असलेले बोटाएवढे बोर्ड कवडीमोलाने बाहेर विकायला आले. वायफाय एवढं स्वस्त तोवर कुणी पाहिलं नव्हतं. अडचण एकच, माहितीची कागदपत्रं जवळजवळ सगळी चिनी भाषेत. मग जगभरच्या हौशी लोकांनी पानं वाटून घेतली, कुणी भाषांतर केलं, कुणी करून पाहिलं, कुणी चिप जाळून 'असं करू नका' असं लिहून ठेवलं. वर्षभराच्या आत तिच्यावर आर्डुइनो या हौशी लोकांच्या आवडत्या बोर्डाचे प्रोग्रॅम चालू लागले. बेळगावात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. आम्ही सकाळी दूधवाल्याशी कानडीत, भाजीवालीशी मराठीत, पंक्चरवाल्याशी दख्खनीत आणि बँकेत तिन्ही मिसळून बोलतो. दुसऱ्याच्या भाषेतला कागद हातात आला म्हणून इथे कुणी घाबरत नाही. कुणाकडून तरी वाचून घेतो.

आर्डुइनो हे नाव इटलीतल्या इव्रिया गावच्या एका बारचं. तो बार एका राजाच्या नावाचा, जो १००२ साली इटलीचा राजा झाला आणि नंतर पदच्युत झाला. २००५मध्ये तिथल्या डिझाइन शाळेतल्या मंडळींनी कलेच्या विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून हा बोर्ड केला, आणि त्याचा नकाशाच सगळ्यांना देऊन टाकला : घ्या, करा, विका, बदला. पण त्याच्या मुळाशी त्याच शाळेतल्या एर्नान्दो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्याचं 'वायरिंग' नावाचं काम होतं. ते त्याने आपल्या प्रबंधासाठी केलेलं, तेही खुलंच ठेवलेलं. पुढे जगभर नाव झालं ते आर्डुइनोचं. बारागानने आपली बाजू नंतर स्वतःच सविस्तर लिहिली आहे. ती वाचल्यापासून दुसऱ्याचा कोड घेताना वरच्या चार ओळी, जिथे करणाऱ्याचं नाव असतं, त्या मी कधी पुसत नाही.

माझं यंत्र तयार झालं. पहिल्याच रात्री पावणेतीनला बझर कोकलला. आई उठली, मी उठले, आणि भिंतीपलीकडची अक्कापण उठली, कारण बझरला भिंत माहीत नसते. अक्काने हौसेने आणखी दोघांना उठवलं. बायका घागरी घेऊन उभ्या, आणि नळातून नुसतं सूं सूं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. थेंब नाही.

"वारा आलाय गं तुझ्या नळाला," आई म्हणाली आणि आत जाऊन झोपली.

झालं होतं असं. पाईप तीन दिवस रिकामे होते. वर कुठेतरी पाणी सोडलं की ते आधी पाइपातली हवा पुढे ढकलतं. पाण्यापेक्षा हलकी हवा माझं चाक भिंगरीसारखं फिरवत होती. घरोघरचे पाण्याचे मीटरसुद्धा असेच हवेवर फिरतात, आणि त्या हवेचं बिल येतं की काय हा आमच्या कट्ट्यावरचा जुना विषय आहे. परातीला मात्र हवा आणि पाणी यातला फरक पहिल्या दिवसापासून कळत होता. हे मला कुणी तोंडावर म्हटलं नाही, एवढाच शेजारधर्म.

मग चाकाच्या पुढे नळीत दोन तारा सोडल्या. पाणी आलं की त्या दोघींमधून वीज वाहणार, हवा आली तर नाही. दोन आठवडे छान चाललं, तिसऱ्या आठवड्यात बंद. उघडून पाहते तर एक तार हिरवी पडून निम्मी खाल्लेली. सतत एकाच दिशेने वीज सोडली की पाण्यातली तार झिजते, हे मी डिप्लोमाला शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. डोक्यात उजेड पडला तो कुणा अनोळखी माणसाच्या झाडांना पाणी घालायच्या यंत्राचा कोड वाचताना. त्याच्या टिपा पोर्तुगीज भाषेतल्या, त्या मशीनकडून वाचून घेतल्या. त्याने मातीतल्या दोन खिळ्यांना क्षणभरच वीज दिली होती, आणि दर वेळी दिशा उलटी करून : एकदा याच्याकडून त्याच्याकडे, एकदा त्याच्याकडून याच्याकडे. मी ते उचललं. तारांच्या जागी गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान असलेल्या चाचांकडून स्टीलचे दोन आरे आणले. चाचांनी पैसे घेतले नाहीत, "कुणाच्या सायकलला हे?" एवढं विचारलं. नळाला म्हटल्यावर गप्प झाले.

आता चाकही फिरायला हवं, आरेही ओले व्हायला हवेत, आणि हे सलग अर्धा मिनिट टिकायला हवं, तरच बझर. त्यानंतर खोटी हाक एकदाच आली, तीही आईने घासताना नळी हलवली म्हणून.

मधेच एक गोष्ट सांगून टाकते. पुण्याच्या भावाने दिवाळीला स्मार्ट प्लग दिला होता. तुळशीजवळचा दिवा संध्याकाळी आपोआप लागायचा. दोनेक वर्षांनी एक दिवस तो लागायचा थांबला, कारण कुठल्या तरी देशात कंपनीने आपला सर्व्हर बंद केला. प्लग आमचा, वीज आमची, तुळस आमची आणि दिवा लावायची परवानगी समुद्रापलीकडे. तो भिंतीतून काढून, पूर्ण सुटा करून उघडला. आत बसला होता हाच आपला ईएसपी८२६६. चार तारा लावून त्यात टास्मोटा भरलं. थिओ अरेंड्स नावाच्या डच माणसाने सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याला कुणाच्या सर्व्हरची गरज नाही. दिवा पुन्हा लागतो. कंपनीवर रागावून झालं होतं, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

खरी मजा पुढेच.

बझर आमच्या घरात, पण गल्लीत घरं अकरा. सगळ्यांना कळायला हवं म्हणून एक डबी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या बाहेर लावायची ठरली : घंटी आणि दोन ओळींचा छोटा एलसीडी. आमच्या नळाशी पाणी आलं की निरोप दुकानापर्यंत जायचा. निरोप नेणारी पद्धत एमक्यूटीटी. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर या दोघांनी ती १९९९मध्ये काढली, वाळवंटातल्या तेलाच्या पाइपलाइनवर नजर ठेवायला. उपग्रहाची जोडणी महाग, म्हणून निरोप जितका आखूड होईल तितका केला, त्याचा मथळा दोन बाइटपर्यंत खाली येतो. तेलाच्या पाईपसाठी केलेली ही युक्ती माझ्याकडे पाण्याच्या पाईपवर, एका जुन्या लॅपटॉपमध्ये मॉस्किटो नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालते. "मॉस्किटो चालू आहे काय?" असं मी विचारलं की आई कॉइल लावते.

डबीवर लिहायचं काय? 'पाणी आलं'. कुठल्या भाषेत?

पाटीवर कुठली भाषा किती मोठी, यावर आमच्या गावात मोर्चे निघतात. १९५६पासूनचा वाद आहे, मी दोन ओळींच्या एलसीडीवर तो मिटवणार नव्हते. गल्लीत मराठी घरं जास्त, कानडी चार, चाचांचं एक. समोरचे मास्तर कानडी शाळेतून निवृत्त झालेले. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही मराठीत लिहा, काय अडचण नाही. खाली 'नीरु बंतु' पण लिहा." बरोबर होतं त्यांचं.

पण एलसीडीचं म्हणणं वेगळं. हे स्वस्त एलसीडी बहुतेक सगळे हिताचीच्या एचडी४४७८० या जुन्या चिपच्या घराण्यातले. तिच्या पोटात अक्षरं कारखान्यातच कोरलेली असतात : इंग्रजी आणि, जपानी कंपनी असल्याने, जपानी काताकाना लिपी. येनचं चिन्हसुद्धा आहे. देवनागरी नाही, कानडी नाही. आपल्याला हवी ती चित्रं काढायला एकूण आठ घरं मोकळी. प्रत्येक घर पाच ठिपके रुंद, आठ उंच, आठ बाइटचं. म्हणजे सगळी मिळून चौसष्ट बाइट. बोर्डाचा नकाशा खुला, कोड खुला, निरोपाची पद्धत खुली, आणि तोंडाशी येऊन आमच्या दोन भाषांच्या वाट्याला चौसष्ट बाइट.

मी कागदावर चौकटी आखून बसले होते. 'णी' काही पाच ठिपक्यांत बसेना. आई मागून बघत होती.

"हे काय, ठिपक्यांची रांगोळीच की. सरक."

तिने पेन्सिल घेतली. कुठला ठिपका गाळला तरी आकृती मोडत नाही, हे पन्नास वर्षं उंबऱ्याबाहेर ठिपके मोजणाऱ्या बाईच्या बोटांना माहीत असतं. 'पा' तिने एका घरात बसवला. 'णी'ला दोन घरं, 'आ'ला दोन. 'लं'चा अनुस्वार पहिल्या ओळीत आणि शिरोरेषा दुसऱ्या ओळीत घेतली, एक घर. झाली सहा. शिरोरेषेचं तिचं दुःख वेगळंच होतं. एलसीडीच्या दोन घरांमध्ये बारीक फट असते, ती काही केल्या भरत नाही, त्यामुळे रेघ दर पाच ठिपक्यांनी तुटते. "दात पडल्यासारखं दिसतंय," म्हणाली.

पलीकडे अक्काने मास्तरांच्या देखरेखीखाली 'नीरु बंतु' काढलं. कानडी अक्षरं वाटोळी, पाच ठिपक्यांत वाटोळेपणा आणणं म्हणजे तांदळावर नक्षी. तिला पाच घरं लागली, पण शिरोरेषेची सलग दोरी नसल्याने फट फारशी जाणवेना. मास्तर दुरून बघून म्हणाले, "नम्मद छलो ऐति नोड्री." आमचं चांगलं आहे बघा. आई हसली खरं, तिने त्या रात्री 'आ' पुन्हा काढला.

सहा आणि पाच अकरा. घरं आठ. मग सुरू झालं. मास्तर म्हणाले, नुसतं 'पाणी' लिहा, 'आलं' कशाला? आई म्हणाली, मग तुम्हीपण नुसतं 'नीर' लिहा. पाणी न आल्याच्या दिवशीही 'पाणी' असं लिहिलेलं दिसलं तर लोक दगड मारतील, असं दुकानदाराचं मत. कुणीतरी सुचवलं इंग्रजीत 'वॉटर' लिहा, वादच नको. ते मात्र कुणालाच पटलं नाही. एवढ्या बाबतीत गल्लीचं एकमत.

तोड काढली वरच्या मजल्यावर डिप्लोमा करणाऱ्या पोराने. त्याने चिपचं माहितीपत्रक वाचलं होतं. मी इतक्या वर्षांच्या सवयीने वाचलं नव्हतं. आठ घरं एका वेळी आठ. ती एकदाच भरायची असं कुठे आहे? चालू प्रोग्रॅममध्ये पुसून पुन्हा भरता येतात. तीन सेकंद आठही घरं मराठीला, पुढचे तीन सेकंद आठही कानडीला. कुणाचं अक्षर कापायला नको. आधी कोण, हे डबी चालू होताना प्रोग्रॅम फासा टाकून ठरवतो. मास्तर दोन संध्याकाळ दुकानासमोर उभे राहून डबी बंद-चालू करून मोजत होते म्हणे. हिशेब समसमान निघाला असावा, कारण पुढे काही बोलले नाहीत.

सगळं झाल्यावर मी तो कोड आणि अक्षरांचे ठिपके इंटरनेटवर उघडे टाकले. परवाना जीपीएल, मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनने १९८९मध्ये लिहिलेल्या परवान्याच्या कुळातला. आईने विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, कुणीही घ्यावं, बदलावं, विकावंसुद्धा. मात्र ज्याला देईल त्याला आतलं सगळं उघडून दाखवायचं, आणि पहिल्याचं नाव पुसायचं नाही.

"विरजणासारखं," ती म्हणाली. "अक्काकडून आणलेलं विरजण, आता दही आपलं. उद्या कुणी मागायला आलं तर 'नाही' म्हणायचं नाही."

ही उपमा मी तिला शिकवली नव्हती. फक्त विरजणावर नाव लिहीत नाहीत, हा फरक मी तिला सांगितला. त्यावर तिचं म्हणणं, लिहायला कशाला लागतंय, चव कळतीय की.

काही महिन्यांनी येळ्ळूरच्या एका पोराने लिहिलं. भातशेती, बोअरवेल. तीन फेज वीज येणार ठराविक तास, त्यातही रात्री. मोटार आपोआप सुरू होते आणि बोअरचं पाणी तुटलं तर कोरडीच फिरून जळते. त्याने माझा कोड उलटा वापरला होता. मी पाणी आलं की ओरडते, त्याचं यंत्र पाणी गेलं की मोटार बंद करतं. सायकलच्या आऱ्यांऐवजी स्टीलचे बोल्ट. हवा ओळखायची युक्ती तीच, कारण बोअर तुटताना पाइपात आधी हवाच येते. मी गल्लीतल्या बायकांची झोपमोड वाचवायला जे केलं, ते दहा किलोमीटरच्या आत कुणाची तरी मोटार वाचवेल, हे माझ्या डोक्यात आलंच नसतं. त्याच्या कोडमध्ये वरच्या ओळी तशाच होत्या. पोर्तुगीज टिपांच्या माणसाचं नाव, मग माझं, आणि त्याखाली, त्याच्या यंत्राला एलसीडीच नसताना, ही ओळ : 'अक्षरं : आई आणि अक्का'. ती मी आईला फोनवर दाखवली. ती म्हणाली, येळ्ळूरचा म्हणजे कुणाचा पोरगा विचार.

आता पाणी आलं की दुकानाबाहेर घंटी वाजते आणि सगळे उठतात. एलसीडी कुणी बघत नाही. अंधारात घागर घेऊन धावणारा माणूस दोन ओळी वाचत थांबत नाही, हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं. मास्तर सकाळी फिरायला जाताना तेवढे थांबतात. आईने परात काढलेली नाही. विचारलं तर म्हणते, असू दे, तुझं वायफाय गेलं तर.

गेल्या रविवारी चाचा दुकानाशी उभे राहून डबीकडे बघत होते. बराच वेळ. मग घरी आले. "वहिनी, आमचंपण काढा की एक."

मी सांगू लागले की उर्दू उजवीकडून डावीकडे, अक्षरं एकमेकांना जोडलेली, मध्ये ती फट. चाचा म्हणाले, "तुमची रेघ वरून तुटते, आमची खालून तुटेल. चालतंय." आणि चौकटींच्या कागदाच्या पाठीमागे त्यांनी मोठ्या अक्षरात 'पानी' लिहून दाखवलं. पहिल्या अक्षराखाली तीन ठिपके, त्रिकोणात. पुढे एक ठिपका वर.

आईने चष्मा लावून मोजले. मग म्हणाली, त्रिकोणाला दोन ओळी लागतात, एवढी जागा खाली नाही. तिन्ही एका ओळीत घातले तर चालतील काय?

चाचा विचारून सांगणार आहेत. कागद फ्रिजवर लावून ठेवलाय.